व्रण बरा झाला, मग जळजळ का?

अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी ज्या तालुक्यात आहेत, त्या सोयगाव तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबे शेतीवर अवलंबून आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळपासून सायंकाळपर्यंत वाकून काम करावे लागते. अशा कष्टकऱ्याच्या पोटातील व्रण, म्हणजेच अल्सर, औषधोपचाराने बरा व्हावा आणि काही आठवड्यांनी छातीत जळजळ सुरू होऊन घशाशी आंबट पाणी येऊ लागावे, तर "औषधानेच पोट बिघडले" असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज गावात पसरला, की दुसरा रुग्ण उपचार टाळतो किंवा मध्येच सोडतो. म्हणून या त्रासाचे खरे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

व्रणाचे मूळ

तिखट खाणे व चिंता यांमुळे पोटात व्रण होतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये जठरातील 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जिवाणूचा शोध लावला आणि त्याचा व्रणाशी असलेला संबंध दाखवून दिला. या कार्याबद्दल त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचे अतिसेवन हेही व्रणाचे एक प्रमुख कारण आहे.

दोन किंवा अधिक प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध साधारणतः 14 दिवस घेतल्यास या जिवाणूचा नायनाट करता येतो. केवळ आम्ल कमी करून बरा केलेला व्रण पुष्कळदा वर्षभरात उलटतो. जिवाणू नष्ट झाल्यास ही शक्यता फारच थोडी उरते.

जळजळीची कारणे

जठर व अन्ननलिका यांच्या संधीवरील झडप सैल पडली, की आम्ल वर येते. उपचारानंतर हा त्रास जाणवण्याची कारणे अनेक आहेत. आम्ल कमी करणारे औषध थांबविल्यावर काही काळ आम्लाचे प्रमाण वाढते. काहींना ही व्याधी आधीपासूनच असते. व्रणाच्या वेदनेत ती झाकली जाते. दुखणे थांबल्यावर आहार सुधारतो, वजन वाढते आणि पोटावरील दाब वाढतो. काही रुग्णांत जिवाणूमुळे जठराच्या वरच्या भागाला सूज येऊन आम्लनिर्मिती मंदावलेली असते. जिवाणू गेल्यावर ती पूर्ववत होते.

जर्मनीतील एका अभ्यासात 1997 मध्ये असे आढळले, की जिवाणूमुक्त झालेल्या व्रणरुग्णांपैकी सुमारे 26 टक्क्यांना तीन वर्षांत अन्ननलिकादाह झाला. जिवाणू कायम राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे 13 टक्के होते. पुढील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. अनेक चाचण्यांत अशी वाढ दिसून आली नाही. जळजळीच्या भीतीने जिवाणूवरील उपचार टाळू नयेत, असेच तज्ज्ञांचे मत आहे. रक्तस्रावी व्रण प्राणावर बेतू शकतो. शिवाय या जिवाणूची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये कर्करोगकारकांत केली आहे. त्या तुलनेत जळजळ बहुधा आटोक्यात आणता येते.

काय करावे?

रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आधी घ्यावे. खाटेची डोक्याकडील बाजू विटा लावून सुमारे 15 सेंटिमीटर उंच करावी. भरल्या पोटी वाकून काम करू नये. तंबाखू व मद्य वर्ज्य करावे, वाढलेले वजन घटवावे. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. औषधांचा क्रम पूर्ण झाल्यावर किमान चार आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, जिवाणू गेल्याची खात्री करून घ्यावी.

काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा किंवा विनाकारण वजन घटणे ही धोक्याची लक्षणे होत. सोयगावहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. म्हणून रक्ताची उलटी वा काळी शौच झाल्यास वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ग्रामसभेत सरपंचांनी व शाळेत शिक्षकांनी एवढे जरी समजावून सांगितले, की जळजळीवर स्वतंत्र उपाय आहे, पण व्रणाचे औषध अर्धवट सोडू नये, तरी अनेक कुटुंबांवरील संकट टळेल.