खुल्या स्पोर्ट्स कारच्या चासीची दृढता : आधारदांड्यांची निवड व जोडणी

सारांश : छत नसलेल्या स्पोर्ट्स कारचा सांगाडा बंद मोटारीच्या तुलनेने सहज पिळला जातो. हा दोष कमी करण्यासाठी आधारदांड्या, म्हणजेच ब्रेस, बसविल्या जातात. माझदा एमएक्स-५ या मोटारीच्या पहिल्या पिढीचे उदाहरण घेऊन या दांड्यांचे कार्य, निवडीचे निकष व जोडणीची पद्धती यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावना

माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी खुली मोटार १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात प्रथम सादर झाली. वजनाने हलकी, पुढे इंजिन व मागील चाकांना गती असलेली ही मोटार जगभर लोकप्रिय ठरली. आज पहिल्या पिढीच्या मोटारींना तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. अनेक मालक त्यांना नव्या, कडक स्प्रिंगा व रुंद टायर बसवितात आणि त्यानंतर खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्ड थरथरतो, दारे कुरकुरतात, अशी तक्रार करतात. त्यावर उपाय म्हणून बाजारात मिळणारी चकचकीत दांडी विकत घेतली जाते. परंतु दांडी कोठे बसते, कोणता भार वाहते आणि ती ज्या पत्र्याला जोडली जाते तो पत्रा धड आहे काय, या प्रश्नांची उत्तरे न शोधता केलेला खर्च व्यर्थ ठरतो. प्रसंगी तो सुरक्षिततेचा खोटा भरवसाही निर्माण करतो.

दृढतेची संकल्पना

चासीची पीळ-दृढता म्हणजे तिला एक अंशाने पिळण्यासाठी लागणारे घूर्णबल होय. ते न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात मोजतात. बुटांचे झाकणबंद खोके दोन्ही टोकांना धरून पिळले असता ते विरोध करते. झाकण काढताच तेच खोके सहज वाकडे होते. हा फरक आकड्यांत पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. ५० मिमी मध्य-त्रिज्या व २ मिमी जाडी असलेली पोलादी नळी घेतली आणि तिला लांबीभर एक चीर पाडली, तर धातू जवळजवळ तेवढाच राहूनही तिची पीळ-दृढता सुमारे १८७५ पटींनी घटते. बंद छेदात कर्तन-प्रतिबल अखंड वर्तुळाकार वाहते. चिरेमुळे तो मार्ग तुटतो.

मोटारीचे छत काढणे म्हणजे अशीच चीर पाडणे होय. अर्थात खुल्या मोटारीची अवस्था चिरलेल्या नळीइतकी वाईट नसते, कारण दारांखालील सिल व मधला बोगदा हे पेटीसारखे बंद छेद भार वाहतात. पण नेमक्या याच कारणामुळे खुल्या मोटारीत सिलचे महत्त्व बंद मोटारीपेक्षा कितीतरी अधिक असते.

आधारदांडीचे कार्य

चार काठ्या टोकांना खिळ्यांनी जोडून केलेली चौकट बोटाने ढकलली तरी कलते. तिच्यात एक कर्ण घातला की ती स्थिर होते. छपराच्या कैचीतही हेच तत्त्व वापरलेले असते. आधारदांडी अशा रीतीने अपुऱ्या चौकटीचे त्रिकोणांत रूपांतर करते किंवा दोन सैल बिंदूंना परस्परांशी बांधते. म्हणून दांडी सरळ असणे इष्ट असते. मध्ये वाकवलेली दांडी ताण किंवा दाब येताच प्रथम स्वतः वाकते. टोकांना बिजागरीसारखा सैल सांधा असेल तर दांडी केवळ आपल्या लांबीच्या दिशेने येणारे बल वाहू शकते, वाकविणाऱ्या बलाला ती विरोध करू शकत नाही.

उत्पादकानेही याच मार्गाचा अवलंब केलेला दिसतो. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन देताना माझदाने आसनांमागील पट्ट्यांच्या खांबांना जोडणारी आडवी दांडी, तसेच पुढील व मागील सबफ्रेमला अतिरिक्त आधार दिले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या मोटारीत गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट असते. तिचे काम गतिवहन यंत्रणेची हालचाल रोखणे हे आहे. शरीराची पीळ-दृढता वाढविणे हे नव्हे.

निवडीचे निकष

पहिला निकष गरजेचा आहे. पुढील सस्पेन्शन, चासी व मागील सस्पेन्शन या एकामागून एक जोडलेल्या तीन स्प्रिंगा मानता येतात. दोन्ही सस्पेन्शनची दृढता समान धरली आणि चासीची दृढता त्यांपैकी एकीएवढीच असली, तर पूर्णतः अविचल चासीच्या तुलनेत ६७ टक्के एकत्रित दृढता मिळते. चासीची दृढता दुप्पट केल्यास ती ८० टक्के होते. चासी मुळातच पाचपट दृढ असेल तर ९१ टक्के मिळतात आणि दुप्पट करूनही केवळ ९५ टक्के होतात. मूळ मऊ स्प्रिंगा असलेल्या मोटारीस दांड्यांचा लाभ कमी व कडक स्प्रिंगा बसविलेल्या मोटारीस अधिक का होतो, हे यावरून ध्यानात येते.

दुसरा निकष भारमार्गाचा आहे. इंजिनावरून जाणारी स्ट्रट टॉवर दांडी सर्वाधिक विकली जाते, कारण ती बॉनेट उघडताच दिसते. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये टॉवरचे वरचे टोकच चाकाचा कल ठरविते; तेथे ही दांडी उपयुक्त ठरते. एमएक्स-५ मध्ये मात्र दुहेरी विशबोन असून ते सबफ्रेमला जोडलेले आहेत. टॉवरवर प्रामुख्याने स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बरचा भार येतो. त्यामुळे या मोटारीत सबफ्रेमचे आधार व तळाच्या दोन लांब पत्र्याच्या रेल्सना दिलेली जोड यांना प्राधान्य देणे सयुक्तिक ठरते.

तिसरा निकष पत्र्याच्या प्रकृतीचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. या मोटारीच्या सिलचा मागील भाग आतून गंजतो. तळाच्या रेल्स चुकीच्या जागी जॅक लावल्याने चेपल्या जातात. गंजलेल्या पत्र्यावर बसविलेली दांडी भार पुढे नेऊ शकत नाही. उलट ती भार एका दुर्बळ बिंदूवर केंद्रित करून तडा जाण्यास निमित्त ठरते. म्हणून सिलची दुरुस्ती प्रथम व दांडी नंतर, हा क्रम बदलता कामा नये.

जोडणीची पद्धती

खुली मोटार जॅकवर उचलली असता किंचित झुकते. त्या स्थितीत बोल्ट घट्ट केल्यास झुकलेला आकारच कायम होण्याचा धोका असतो. यास्तव मोटार सपाट जमिनीवर किंवा चाकांखाली आधार असलेल्या उतरंडीवर, म्हणजे चारही चाकांवर भार असताना, अंतिम आवळणी करावी. तत्पूर्वी सर्व बोल्ट हाताने बसवावेत. भोके जुळत नसतील तर दांडी बळाने ओढून न बसविता कारण शोधावे. भोक पाडावयाचे असल्यास तळाखालील ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या आणि गालिच्याखालील तारा आधी तपासाव्यात, उघडा पडलेला धातू गंजरोधक रंगाने झाकावा व पातळ पत्र्याच्या मागे रुंद पट्टी द्यावी. आवळणी टॉर्क रेंचने ठरविलेल्या मूल्यानुसार करावी आणि काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा तपासावी.

परिणाम चालकाच्या अनुभवावरच न सोडता मोजणे योग्य. मागील टोक स्थिर करून पुढील टोकावर १ मीटर भुजेवर ५० किलो वजन टांगल्यास सुमारे ४९० न्यूटन-मीटर घूर्णबल मिळते. डायल गेजने मोजलेला पीळ ०.१ अंश आल्यास दृढता सुमारे ४९०० न्यूटन-मीटर प्रति अंश ठरते. हीच चाचणी दांडी बसविण्यापूर्वी व नंतर करावी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेतही ती अल्प साधनांत करता येण्याजोगी आहे.

मर्यादा

प्रत्येक दांडीमुळे वजन वाढते आणि तळाची दांडी जमिनीपासूनचे अंतर कमी करते. याहून गंभीर बाब अशी की, आसनांमागील आडवी दांडी म्हणजे उलटण्यापासून संरक्षण देणारा रोल बार नव्हे. ती डोक्याच्या उंचीपर्यंत पोहोचत नाही आणि तशा आघातासाठी तिची रचनाही नसते. दृढता व संरक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष

आधारदांडी हा अलंकार नसून तुटलेला भारमार्ग पूर्ण करणारा दुवा आहे. पत्र्याची तपासणी, भारमार्गाचा विचार, चाकांवर उभ्या मोटारीत जोडणी आणि पूर्वोत्तर मोजमाप हा क्रम पाळल्यास थोड्या दांड्यांनीही मोठा लाभ होतो. हा क्रम सोडल्यास महागडी दांडीही केवळ खालचा गंज झाकण्याचे काम करते.