पियानोवादनातील सामायिक स्वरांचा प्रश्न

पियानोच्या स्वरपटावर सामान्यतः ८८ पट्ट्या असतात आणि प्रत्येक स्वराला एकच पट्टी असते. स्वरलेखनात मात्र दोन हातांसाठी पाच रेषांचे दोन पट योजिलेले असतात. परिणामी मध्य 'सी' हा स्वर वरच्या पटाच्या खाली व खालच्या पटाच्या वर, अशा दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी लिहिलेला आढळतो. डोळ्यांना तेथे दोन स्वर दिसतात. बोटांना मात्र पट्टी एकच मिळते. एकेका हाताने निर्दोष वाजणारी रचना दोन्ही हात एकत्र येताच अडखळते, याचे हे एक कारण होय.

या अडचणीचे ठळक उदाहरण म्हणजे योहान सेबास्टियन बाख याची १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'गोल्डबर्ग' रूपांतरे. त्यांतील अनेक रूपांतरे दोन स्वरपटांच्या हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली आहेत. तेथे प्रत्येक हाताला स्वतंत्र स्वरपट व स्वतंत्र तारा उपलब्ध असल्याने दोन स्वररेषा परस्परांना छेदून निर्वेधपणे जाऊ शकतात. पियानोवर त्याच रेषा एकाच पट्टीवर येऊन भिडतात.

अशा प्रसंगांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्यात दोन्ही हातांचा स्वर एकाच वेळी सुरू होतो. अशा वेळी तो एकाच हाताने वाजवावा व दुसऱ्याने सोडून द्यावा. कोणत्या हाताने, हे पुढील स्वरांकडे पाहून ठरवावे; ज्या हाताला तेथून सहज पुढे सरकता येईल, त्याच्याकडे तो सोपवावा. स्वराची लांबी मात्र दोहोंपैकी दीर्घ असेल तीच राखली पाहिजे.

दुसरा प्रकार अधिक नाजूक आहे. समजा, उजवा हात चार मात्रांचा स्वर धरून आहे आणि तिसऱ्या मात्रेवर डाव्या हाताची रेषा त्याच स्वरावर येते. पट्टी दाबलेलीच राहिली, तर हातोडी पुन्हा तारेवर आघात करू शकत नाही आणि डाव्या हाताची रेषा तुटते. म्हणून उजव्या हाताने पट्टी क्षणभर आधी सोडावी, डाव्याने आघात करावा आणि उरलेल्या दोन मात्रा कोणत्याही एका बोटाने पट्टी धरून ठेवावी. एरार यांच्या १८२१ च्या पेटंटातील यंत्रणेमुळे भव्य पियानोवर पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीही पुन्हा आघात करता येतो. उभ्या पियानोवर ती अधिक वर येऊ द्यावी लागते. उजव्या पायाच्या पेडलने ही फट झाकता येते खरी. परंतु त्यामुळे सर्वच तारांवरील नमदे उचलले जाऊन इतर स्वररेषाही एकमेकींत मिसळतात.

बोटांची गर्दी टाळण्यासाठी एक हात पट्ट्यांच्या आतल्या बाजूस, काळ्या पट्ट्यांजवळ, व दुसरा कडेजवळ ठेवणे हितावह ठरते. कोणता हात वर राहील, हे अभ्यासाच्या आरंभीच ठरवून स्वरलेखनावर नोंदवावे. एकेका हाताचा सराव करतानाही सोडावयाचा स्वर सोडूनच वाजवावा. अन्यथा बोटांना लागलेली सवय पुढे मोडावी लागते.

सारांश, सामायिक स्वर हा केवळ बोटांच्या सोयीचा प्रश्न नव्हे. श्रोत्याला हात दिसत नाहीत, स्वररेषा ऐकू येतात. कोणत्या हाताने स्वर सोडला हे त्याला कळण्याचे कारण नाही. मात्र रेषा तुटली, तर ते त्याच्या कानांतून सुटत नाही.