न आलेला अंक : ‘चांदोबा’ मासिक आणि त्याचे वाचक

मराठी मुलांच्या तीन पिढ्यांनी वाचलेले ‘चांदोबा’ हे मासिक एप्रिल १९५२ मध्ये मद्रासहून निघू लागले आणि २०१३ मध्ये, निरोपाचा अंक न काढता व वर्गणीदारांना पूर्वसूचना न देता, बंद पडले. छंदाची, खेळांची किंवा निखळ करमणुकीची नियतकालिके छापील रूपात थांबतात तेव्हा त्यांच्या वाचकांना वाटणारी हळहळ ‘बालपणीच्या आठवणी’ म्हणून बाजूला सारली जाते. चांदोबाच्या बाबतीत मात्र हे स्पष्टीकरण अपुरे पडते. त्यातल्या गोष्टी पुराणांत, जातकांत आणि लोककथासंग्रहांत पूर्वीही होत्या व आजही आहेत. संपली ती नियतकालिकता, म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रूपात, अनेकांच्या हाती एकाच महिन्यात पोचण्याची सोय. आणि ती गेल्याचे नुकसान शहरापेक्षा तालुक्याच्या गावाला अधिक सोसावे लागले.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर हे असे एक गाव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठी ही घराची, बाजाराची व कीर्तनाची भाषा असूनही शाळेच्या वरच्या वर्गांत तिला दुय्यम स्थान होते. संस्थान भारतात विलीन झाल्यावर मराठी शाळा वाढू लागल्या आणि त्यानंतर चार वर्षे पुरी होण्याआधीच मराठी चांदोबाचा पहिला अंक निघाला. गंगापूर तेव्हा अजून हैदराबाद राज्यातच होते, १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. मराठीतून शिकू लागलेल्या पहिल्या पिढीला रंगीत चित्रांचे मराठी वाचन दरमहा मिळणे ही या भागात केवढी मोठी गोष्ट असेल, हे त्या काळच्या शाळांतील कोऱ्या भिंती व मोजकी क्रमिक पुस्तके ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही. अशा गावी अंक एका घरात फार दिवस टिकत नसे. वर्गणीदाराकडून शेजारी, शेजाऱ्याकडून शाळेत, शाळेतून मामाच्या गावी, असा तो मुखपृष्ठ निघून येईपर्यंत फिरे, आणि अखेर रद्दीत जाई किंवा, नशीब बरे असल्यास, बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्याच्या बांधणीत घातलेल्या वार्षिक खंडात जाऊन बसे.

मूळ ‘चंदामामा’ जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, तेलुगू व तमिळ या दोन भाषांत निघाला. चित्रपटनिर्माते बी. नागी रेड्डी हे त्याचे संस्थापक आणि त्यांचे मित्र चक्रपाणी हे त्यामागील संपादकीय शक्ती. मद्रासच्या वडपळनी भागात, त्यांच्या विजया-वाहिनी चित्रपट स्टुडिओच्या परिसरातच, मासिकाचाही कारभार चाले. तेलुगू कथाकार कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी १९८० मध्ये निधन होईपर्यंत संपादनाची धुरा वाहिली, तर दासरी सुब्रह्मण्यम यांच्या साहसकथांच्या मालिका पुढच्या अंकाची ओढ लावत. हिंदी, कन्नड, मराठी, मल्याळम, गुजराती, इंग्रजी असे करत हे मासिक १९८४ मध्ये संस्कृतात आणि २००४ मध्ये संताळीतही पोचले. चित्रे सर्व भाषांना सामाईक असत आणि मजकूर तेवढा भाषेगणिक बदले. साहजिकच अनुवादकाला आपले वाक्य चित्राने सोडलेल्या जागेत बसवावे लागे, आणि चांदोबाच्या मराठीला असलेली आखूड, सरळ, पाल्हाळ नसलेली ठेवण काही अंशी या अडचणीतून आली असावी.

या चित्रांपैकी एक चित्र कोणताही जुना वाचक डोळे मिटून सांगू शकतो. के. सी. शिवशंकरन म्हणजेच ‘शंकर’ यांनी काढलेल्या विक्रम-वेताळाच्या शीर्षचित्रात उपसलेली तलवार हाती घेतलेला राजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून निघालेला असतो. प्रेताचे हात त्याच्या पाठीवर लोंबत असतात, पायांशी कवट्या व हाडे विखुरलेली असतात, आणि राजाच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी नेमून घेतलेले काम पुरे करण्याचा निर्धार असतो. गोष्ट दरमहा बदले, चित्र तेच राही, आणि मुलाला या पुनरावृत्तीचा कंटाळा न येता उलट धीर वाटे. वेताळपंचविशीतील मूळ कथा पंचवीसच. त्या संपल्यावर संपादकांनी चौकट कायम ठेवून नव्या कथा रचल्या आणि हे सदर पुढे कित्येक दशके चालवले. राजा उत्तर देतो, मौन मोडते, वेताळ पुन्हा झाडाकडे जातो: मासिकाच्या आवर्तनाला इतकी अनुरूप कथाचौकट दुसरी सापडणे कठीण. शंकर यांचे २०२० मध्ये निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेक भाषांतील प्रौढ वाचकांनी त्यांना ओळखले ते याच एका चित्रावरून.

गंगापूरच्या वाचकाला कदाचित कोणी सांगितले नसेल, पण या कथांचे मूळ गाव त्याच्या शेजारचे आहे. वेताळाच्या कथा ज्या ‘कथासरित्सागरा’त येतात तो ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचला, तो ज्या ‘बृहत्कथे’वर आधारल्याचे सोमदेव सांगतो तिचा कर्ता गुणाढ्य हा परंपरेप्रमाणे प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारी होता, आणि प्रतिष्ठान म्हणजे याच जिल्ह्यातील पैठण. गंगापूर तालुक्यातील कायगाव येथे प्रवरेला पोटात घेऊन गोदावरी पुढे जाते ती याच पैठणकडे. राजाने नाकारल्यावर गुणाढ्याने आपल्या सात लाख श्लोकांपैकी सहा लाख, एकेक पान वाचून, अग्नीत टाकले आणि वनातले पशुपक्षी चारा सोडून ऐकत राहिले, अशी आख्यायिका आहे. उरलेला लाख श्लोकांचा भाग ऐकणाऱ्यांमुळे वाचला, हा तिच्यातील तपशील चांदोबाच्या पुढील इतिहासाकडे पाहताना महत्त्वाचा ठरतो.

वाचक केवळ ऐकणारेही नव्हते. दरमहा दोन छायाचित्रे छापून त्यांना साजेशा, एकमेकींशी जुळणाऱ्या ओळी मागवण्याची स्पर्धा चंदामामात असे, आणि विजेत्याचे नाव गावासह छापून येई. पोस्टकार्डाच्या खर्चात मद्रासच्या मासिकात आपल्या गावाचे नाव यावे, ही शक्यताच आडगावच्या मुलाला खुणावणारी होती.

संस्थेची पडझड टप्प्याटप्प्याने झाली. १९९८ मध्ये कामगारांशी झालेल्या तंट्यामुळे प्रकाशन सुमारे वर्षभर थांबले व नंतर पुन्हा सुरू झाले. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या संगणकक्षेत्रातील कंपनीने मासिक विकत घेतले, आणि पडद्यावरील वाचनात त्याचे भवितव्य आहे असे मानले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘ड्रॅगन’ हे १९७६ पासून चाललेले मासिक आणि त्याचे भावंड ‘डन्जन’ छापील रूपात बंद झाले. ही दोन्ही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची मासिके होती. या खेळात काही जण टेबलाभोवती बसून, एकाने सांगितलेल्या कथेतील पात्रांच्या भूमिका घेत, फाशांच्या आधाराने कथा पुढे नेतात, आणि त्यासाठी लागणारे प्रसंग, नकाशे व नियम वाचकांना दर अंकातून मिळत. खेळ चालू असताना, नवे साहित्य निघत असताना, तेथील वाचकही व्यथित झाले, कारण मित्रमंडळींना एकाच वेळी मिळणारी सामग्री व तिच्यावरची चर्चा त्या अंकांभोवती जमत असे. ‘ड्रॅगन’चे पडद्यावरील अंकही डिसेंबर २०१३ नंतर थांबले, चांदोबा थांबला तेही वर्ष २०१३. कागद गेला तरी मासिक पडद्यावर नांदेल, हा त्या काळी सार्वत्रिक असलेला विश्वास दोन्हीकडे सहा वर्षेच पुरला, हे नोंदवण्याजोगे आहे.

चांदोबाच्या वाचकांनी यानंतर जे केले ते हळहळीपुरते थांबले नाही. कंपनीने आपल्या संकेतस्थळावर अनेक भाषांतील जुने अंक ठेवले होते. २०१६ मध्ये ते स्थळही मावळले, पण तोपर्यंत वाचकांनी हे अंक उतरवून घेतले होते. त्याखेरीज घरचे बांधीव खंड उसवून, पान सपाट करून, त्याची प्रतिमा घेण्याचे किचकट काम कित्येकांनी पदरमोड करून केले. हक्क कोर्टकचेरीत अडकलेल्या, सांभाळणारा नसलेल्या मासिकाचे दप्तर अशा रीतीने त्याच्या वर्गणीदारांनी राखले, आणि या श्रमांना ग्रंथपालनाच्या कामाचाच मान मिळायला हवा.

बालभारतीने नोव्हेंबर १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’चे जुने अंक संस्थेनेच सर्वांना मोफत खुले केले आहेत, कारण तेथे मासिकामागे सार्वजनिक जबाबदारी असलेली संस्था उभी आहे. चांदोबामागे ती नसल्याने मराठी अंकांची पूर्ण मालिका लावण्याचे काम गावोगावच्या वाचनालयांनाच अंगावर घ्यावे लागेल. कपाटात पडलेल्या बांधीव खंडांवर महिना व वर्ष पाहून त्यांची यादी करणे, गहाळ पाने शेजारच्या गावच्या प्रतीवरून भरून काढणे आणि मुखपृष्ठे व जाहिराती फाडून न टाकता जपणे, एवढे तरी गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी करता येण्याजोगे आहे.