उखळ की गिरणी?

दोस्तांनो, एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर राहतो असं सांगितलं, तर हसाल ना? पण ही गंमत खरी आहे. आणि तिच्यापायी घोटीत एका घरातले सगळे हिशेब पुसले जाता जाता वाचले.

घोटी म्हणजे इगतपुरी तालुक्यातलं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं भाताचं गाव. माझ्या मेव्हण्यांचा तिथे तांदळाचा व्यापार. घरात एकच कॉम्प्युटर आणि त्यावर लिनक्स. भाचीला टायपिंगच्या परीक्षेचा सराव करायचा होता, पण तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. अकरावीतला भाचा म्हणाला, "त्यात काय! लिनक्सच्या आतच विंडोज बसवतो." मित्राने त्याला 'प्रॉक्समॉक्स' सुचवलं. साहेब कामाला लागले आणि मध्येच मला फोन.

"मामा, कोणत्या डिस्कवर बसवू म्हणून विचारतंय. एकच दिसतेय. पुढे जाऊ?"

"थांब! आधी हात काढ!" मी ओरडलोच. प्रॉक्समॉक्स बसताना ती डिस्क पार पुसून घेतं. बाबांचे हिशेब, घरातले फोटो, काही उरलं नसतं.

सॉफ्टवेअर वाईट नाही बरं का! फक्त ते या घरासाठी नाही.

मुळात होतं काय, तर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा, मेमरीचा आणि डिस्कचा एक वाटा काढून त्याचं 'आभासी यंत्र' करतात. आतल्या विंडोजला वाटतं, आपलं स्वतंत्र मशीन आहे! कल्पना जुनी आहे. अवाढव्य, महागडा संगणक अनेकांना वाटून देण्यासाठी आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० आणलं. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने हीच करामत टेबलावरच्या कॉम्प्युटरवर करून दाखवली.

"मग मामा, फरक कशात?"

"तुमच्याकडे भात सडायला काय काय असतं?"

"आजीचं उखळ. आणि गावात गिरणी."

झालं की! उखळ घरातच असतं. हवं तेव्हा मुसळ घ्यायचं, काम झालं की कोपऱ्यात ठेवायचं. व्हर्च्युअलबॉक्स तसं आहे. लिनक्समध्ये एक खिडकी उघडते, तिच्यात विंडोज. सराव संपला, खिडकी बंद. बाकीचं घर जिथल्या तिथे.

गिरणीचं तसं नाही. तिच्यासाठी वेगळी जागा लागते, आणि गिऱ्हाइकं अनेक. प्रॉक्समॉक्स अख्खं मशीन ताब्यात घेतं आणि रात्रंदिवस चालू राहतं. त्याच्यासमोर कोणी बसत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून त्याला हुकूम सोडायचे. एखाद्या शाळेत एक दमदार मशीन आणि दहा जुने डबे असतील, तर हाच मार्ग बरा. मात्र एकाच खांबावर सगळा तंबू! पावसाळ्यात वीज गेली की दहाही मुलं हात चोळत बसणार. म्हणून यूपीएस हवाच.

लिनक्सची एक गंमत सांगतो. प्रॉक्समॉक्सच्या आत जे 'केव्हीएम' नावाचं इंजिन आहे, ते २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलं आहे. म्हणजे गिरणीचं इंजिन तुमच्या घरातही आहे! 'व्हर्ट-मॅनेजर' घेतलं की ते खिडकीतूनही चालवता येतं. पण ते आणि व्हर्च्युअलबॉक्स एकाच वेळी चालवू नका, दोघांचे खटके उडतात.

आता मेमरीचा हिशेब. घोटीच्या मशीनमध्ये ८ जीबी. त्यातले ४ विंडोजला दिले, ४ लिनक्सला ठेवले. सगळेच पाहुण्याला दिले तर यजमान उपाशी! बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद होती, ती चालू केली. आणि पालकहो, आभासी यंत्रातल्या विंडोजलाही परवाना लागतोच.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'स्नॅपशॉट' घेता येतो. काही बिघडलं की मागच्या स्थितीवर परत! भाचा खूश. "म्हणजे आता हिशेब सुरक्षित?"

"नाही रे राजा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्कच गेली तर?"

भाची आता रोज संध्याकाळी खिडकीत टायपिंग करते. हिशेबाची प्रत एका पेन ड्राइव्हवर घेतलीय. मेव्हण्यांनी तो तिजोरीत, उधारीच्या वहीखाली ठेवलाय आणि किल्ली भाच्याला द्यायला ते अजून तयार नाहीत.