वेब्लीत बसतं म्हणून चालतं असं नाही
पहिल्या महायुद्धातली ब्रिटिशांची वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हरं पुढे अमेरिकेत ढिगानं विकली गेली. तिथे मूळचं .४५५ काडतूस दुर्मीळ. म्हणून अनेकांच्या सिलिंडरची मागची बाजू तासून .४५ एसीपी काडतूस बसवलं गेलं. पण कारखान्यात भरलेल्या एसीपीचा दाब या जुन्या पोलादाला झेपणारा नाही, सिलिंडर फुटू शकतं. जाणकार म्हणूनच हातानं हलकी काडतुसं भरतात. खरी फसगत त्यातच आहे. पूर्वी काळी दारू काडतुसाची पुंगळी भरूनच घालत; धूरविरहित दारू एवढीशी लागते, की चुकून दुप्पट पडली तरी बिनबोभाट मावते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावायचं, आणि माप छापील कोष्टकातलंच, कुणा मित्राच्या वहीतलं नव्हे.