आधी बेस, मग नळी

निक्सी नळी हातात आली की पहिले आठ दिवस माणसाला दुसरं काही सुचत नाही. काचेच्या कुपीत शून्य ते नऊ असे दहा आकडे, पातळ पत्र्यातून कोरलेले, एकामागे एक उभे. वीज मिळाली की त्यातला एकच नारिंगी होऊन पेटतो आणि बाकीचे नऊ त्याच्या पुढेमागे सावलीसारखे थांबून राहतात. नवव्या दिवशी प्रश्न पडतो, ही बसवायची कशात?

मी आमगावचा. रेल्वेनं गोंदिया जवळ, नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. आजूबाजूला धान आणि धानाच्या गिरण्या. इथे गिरणीचा पट्टा सकाळी तुटला तर दुपारी नवा चढतो. पण माझ्या नळीचे पाय ज्यात खोचायचे त्या बारा पायांच्या लंबगोल बेसची गोष्ट वेगळी.

“बारा पायाचा?” दुकानदार म्हणाला, “भाऊ, आयसी बेस आठचा आहे, चौदाचा आहे, सोळाचा आहे. बाराचा कशाले पायजे?” मी खिशातून नळी काढून दाखवली. त्यानं ती उजेडात फिरवून पाहिली. “हा तर व्हॉल्व्ह आहे ना बाप्पा! रेडिओतला.”

चुकला, पण फार नाही.

व्हॉल्व्हमध्ये तापणारी तार असते आणि आत निर्वात पोकळी. निक्सीत तार नाही की ताप नाही. आत निऑन वायू असतो, बहुतेक नळ्यांत पाऱ्याचा अंशही. समोर जाळीचा धनाग्र, मागे दहा ऋणाग्र, आणि प्रत्येक ऋणाग्र म्हणजेच एक आकडा. सुमारे १७० व्होल्ट दिले की ज्या आकड्याची वाट जमिनीला जोडलेली असेल त्याच्या अंगालगतचा वायू पेटतो. प्रवाह लागतो दोन-तीन मिलिअँपिअर, व्होल्टेज मात्र झटका देण्याइतकं. अमेरिकेत हायडू बंधूंच्या प्रयोगशाळेनं ही नळी घडवली, बरोज कंपनीनं ती प्रयोगशाळा विकत घेतली आणि १९५५ मध्ये नळी बाजारात आणली. त्यानंतरची दीड-दोन दशकं प्रयोगशाळेतले मोजमापाचे डबे आणि टेबलावरची गणनयंत्रं याच नारिंगी आकड्यांत बोलत होती. पुढे एलईडी आला, स्वस्त आणि पाच व्होल्टवर चालणारा, आणि नळ्या अडगळीत गेल्या.

आज हौशी लोकांकडे येतात त्या बहुतेक सोव्हिएत काळातल्या, गोदामांत पडून राहिलेल्या. आयएन-१२, आयएन-१४, आयएन-१८. आयएन-१२ मधला पाच नीट पाहा, तो उलटा टांगलेला दोन आहे. एक साचा वाचवला कुणीतरी. मला तो आकडा सगळ्यात आवडतो.

नळ्या उरल्या, मग बेस का नाही उरले? यावर मी बराच विचार केला आणि उत्तर सोपं निघालं. नळी कधीतरी मरते, म्हणून तिचा सुटा साठा ठेवला जातो. बेस मरत नाही, म्हणून त्याचा साठा कुणी ठेवत नाही. तो यंत्रासोबत येतो, बोर्डाला डाग देऊन कायमचा बसतो आणि यंत्र मोडीत गेलं की त्याच्यासोबतच जातो. न बिघडणाऱ्या वस्तूला हीच शिक्षा.

सगळ्याच नळ्यांची अशी अवस्था नाही. जुन्या रेडिओतला तो हिरवा डोळा, मॅजिक आय, आठवा. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली आणि आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी ती याच डोळ्याच्या भरवशावर लावली. स्टेशन नेमकं लागलं की हिरव्या पापण्या मिटत येत. ईएम-८० किंवा ईएम-८४ जातीच्या या डोळ्याला नऊ पायांचा नोव्हल बेस लागतो. तो आजही नवा मिळतो, कारण गिटारचे आणि शौकिनांचे व्हॉल्व्ह अँप्लिफायर त्याच बेसवर चालतात. ईएम-३४ ला आठ पायांचा ऑक्टल लागतो. मधोमध खाचेचा खुंटा असलेला हा बेस १९३५ पासूनचा, आणि तोही मिळतो. ठिपका गोल फिरवत मोजणी करणारी डेकाट्रॉन नळी, निदान तिची जीसी-१०बी ही जात, याच ऑक्टलवर बसते. इंग्लंडमधल्या हारवेलच्या १९५१ च्या संगणकात अशा शेकडो नळ्या होत्या. तो २०१२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाला. बेस प्रमाणित असला की साठ वर्षांनीही दार उघडं राहतं.

म्हणून शाळकरी पोरांना मी न्यूमिट्रॉन सुचवतो. आरसीएची ही नळी दिसायला व्हॉल्व्हच, पण आत बारीक तारांच्या सात रेघा असतात आणि त्या दिव्यासारख्या तापून आकडा दाखवतात. पाच व्होल्टच्या आसपास काम भागतं आणि बसते नऊ पायांच्या नेहमीच्या बेसमध्ये. निक्सीचा लोभस नारिंगी रंग तिला नाही, पण झटकाही नाही.

निक्सीच्या घरात मात्र प्रत्येकीचं चूल-जातं वेगळं. फिलिप्सची झेडएम-१०४० तेरा पायांच्या बी-१३-बी बेसची. आयएन-१४ ला पायच नाहीत, तेरा मऊ तारा लोंबतात. आयएन-१२ बारा ताठ पायांची, तिचा सोव्हिएत बेस पीएल-३१ या खुणेनं ओळखला जातो. मागवायला गेलं तर बेस नळीच्या बरोबरीनं पैसे खातो. त्यात युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद, आणि अशा मालाचे कितीतरी विक्रेते तिथलेच.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं, नागपुरात सीताबर्डी. तिन्हीकडे चक्कर मारून आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चुकीची वस्तू मागत होतो. बेस म्हणजे तरी काय? नळीचा पाय घट्ट धरणारी पितळी चिमटी, आणि अशा बारा चिमट्या जागच्या जागी ठेवणारं एक फळकूट. चिमटी आणि फळकूट वेगवेगळे मागितले तर दोन्ही मिळतात.

चिमट्या मिळाल्या भंगारात. जुन्या संगणकाच्या मागे प्रिंटरसाठी पंचवीस भोकांचा कनेक्टर असे. प्रत्येक भोकात एक चिमटी, सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पाय धरणारी. आयएन-१२ चे पाय जवळपास तेवढेच. प्लास्टिक फोडलं की पंचवीस चिमट्या सुटतात, म्हणजे दोन नळ्यांची सोय आणि वर एक. माझ्या चार नळ्यांना दोन कनेक्टर पुरले. फळकुटासाठी हायलम शीट घेतली, विजेच्या दुकानात बोर्डावर लावायला मिळते तीच. भोकांचा नकाशा मात्र इंटरनेटवरून उतरवण्यात अर्थ नव्हता, छापताना माप हमखास सरकतं. घरातून कणकेचा गोळा मागून घेतला, वर पातळ कागद ठेवला आणि नळी अलगद दाबली. बारा पायांनी बारा भोकं पाडली. कागद शीटवर चिकटवला, पोगरानं खुणा केल्या आणि हँड ड्रिल फिरवलं. गोळ्याची पोळी झाली नाही, तो गाईला गेला.

आयएन-१४ वाल्यांना एवढा खटाटोप नको. गोल भोकांचा आयसी बेस घ्यावा, त्यातल्या चिमट्या सुट्या करून झिरो पीसीबीवर वर्तुळात लावाव्या, नळीच्या तारा सारख्या कापाव्या आणि खोचाव्या. काही जण ताराच थेट डाग देऊन टाकतात. चालतं तेही. पण मग नळी बदलायची वेळ आली की तेरा डाग सोडवत बसा.

पहिल्या बेसच्या वेळी मी एक शहाणपणा केला. चिमट्या सरळ राहाव्यात म्हणून नळी खोचूनच डाग दिले. कल्पना वाईट नव्हती, नळीपेक्षा अचूक साचा दुसरा कुठला? पण एका पायाशी आयर्न जास्त वेळ टेकलं, कथील वितळून चिमटीत चढलं आणि त्यानं नळीचा पायच धरला. ओढली तर सुटेना, हलवली तर काचेच्या मुळाशी केसाएवढी रेघ. रात्रभरात हवा आत शिरली आणि दुसऱ्या दिवशी एकही आकडा पेटला नाही. तेव्हापासून डाग देताना चिमट्यांत दात कोरायच्या लाकडी काड्या खोचतो. लाकडाला कथील चिकटत नाही.

आमच्या तालुक्यातलं पद्मपूर भवभूतीचं गाव मानतात. वा. वि. मिराशींनी त्याच्या नाटकातल्या विदर्भातल्या पद्मपुराची ओळख इथल्याच गावाशी पटवली. भवभूतीनं आपल्या ‘समानधर्मा’ची वाट पाहिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. नळी हातात घेऊन दुकानोदुकानी फिरताना तो शब्द मला भलत्याच अर्थानं आठवे. फक्त मला वाट पाहण्याइतका अनंत काळ नव्हता, घड्याळ दिवाळीला लावायचं होतं.

घड्याळ लागलं, चार नळ्यांचं. फुटलेलीच्या जागी दुसरी मागवावी लागली. पावसाळ्यात पितळ हिरवं पडतं, म्हणून श्रावणात एकदा सगळ्या नळ्या उपसून चिमट्या स्पिरिटनं पुसतो. तासाच्या दशमस्थानी शून्य, एक, दोन एवढेच आकडे पेटतात. तिथल्या न वापरलेल्या आकड्यांवर धातूचा थर बसून ते पुढे अर्धवट पेटतात, तेव्हा त्या नळीची जागा अधूनमधून मिनिटाच्या नळीशी बदलतो. डाग देऊन बसवल्या असत्या तर यातलं काहीच जमलं नसतं. चेक प्रजासत्ताकात डालिबोर फार्नी आता नव्या निक्सी नळ्या हातानं घडवतात. नळी नवी मिळू शकते हे कळल्यापासून मला बेसची किंमत आणखी वाढल्यासारखी वाटते.

हौस लागलेल्यांनी नळीच्या आधी बेसची सोय बघावी. आणि ज्यांना ही हौस नाही त्यांना एक विनंती. माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ मोडीत देणार असाल तर प्लग काढून तो दोन-चार दिवस तसाच ठेवा आणि मग मागचं झाकण उघडा. पत्र्यावर आठ पायांचे नाहीतर नऊ पायांचे चार-पाच बेस रिव्हेटनं बसवलेले दिसतील. भंगारवाला त्यांचे वेगळे पैसे देत नाही. रिव्हेट उडवून ते काढा आणि डब्यात घालून ठेवा.