ध्येयाच्या पायऱ्या

बुद्धिबळाचे प्यादे लहान असते. ते बहुधा एकेकच घर पुढे सरकते. परंतु पटाच्या शेवटच्या घरात पोहोचले, की त्याचा वजीर होऊ शकतो. मोठे ध्येयही असेच एकेक पाऊल टाकून गाठावे लागते.

नागपूरच्या दिव्या देशमुखचे उदाहरण पाहा. तिचा जन्म २००५ साली झाला. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातील सर्वोच्च किताब. त्याआधी तिने अनेक पायऱ्या चढल्या. २०२१ मध्ये ती महिला ग्रँडमास्टर झाली, तर २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर. २०२४ मध्ये तिने वीस वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद मिळवले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. समोर अनुभवी कोनेरू हंपी होती. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. तरीही दिव्याने धीर सोडला नाही. तिने विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली.

मित्रांनो, 'मला चांगले मराठी यावे' ही झाली इच्छा. 'मी रोज पाच नवे मराठी शब्द शिकेन' हे झाले ध्येय. कारण ते मोजता येते. तीस दिवसांत १५० शब्द होतात! एखादा दिवस चुकला, तर खचू नका. तो का चुकला हे शोधा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा.

मराठीत म्हणतात, 'थेंबे थेंबे तळे साचे.' उर्दूत आपण म्हणतो, 'कतरा कतरा दरिया.' तुमचा पहिला थेंब कोणता, ते आजच वहीत लिहा.